कमी चाललेली रोल्स-रॉइस बघायला जाताना : उमेदवारांसाठी नियमावली

प्रस्तुत नियमावली ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या, बँकेत जुनी टोयोटा घेण्यापुरते पैसे असलेल्या आणि तरीही सुट्टीचा दिवस मिळाला की रोल्स-रॉइस कॉर्निश बघायला निघणाऱ्या गृहस्थांसाठी आहे. हे वर्णन आमच्या साडूंशी जुळतं असं कुणाला वाटलं, तर तो योगायोग नव्हे.

कलम १ : जाहिरातीचं वाचन. ‘कॉर्निश कन्व्हर्टिबल, १९८२, फक्त चौदा हजार मैल, एकच मालक, कायम गॅरेजमध्ये.’ सामान्य माणूस यातले चौदा हजार मैल वाचून हुरळतो. बापू (म्हणजेच साडू) मात्र कागदावर भागाकार मांडतात. चाळीस वर्षांत चौदा हजार, म्हणजे वर्षाला साडेतीनशे, म्हणजे आठवड्याला सातसुद्धा नाहीत. “अहो, मी कोथिंबिरीला याहून लांब जातो,” असं म्हणून ते पेन खाली ठेवतात. उमेदवाराने इथे हताश व्हायचं नाही. बापू तर उलट खुलतात, कारण त्यांचा सिद्धांत असा की गाडी चालून झिजते आणि उभी राहून कुजते. आणि झिजलेलं बदलता येतं, कुजलेलं शोधत बसावं लागतं. रबराला मैल कळत नाहीत, वर्षं कळतात. या गाडीच्या पोटात रबरी नळ्यांचं जे जाळं आहे ते पाहिलं की सिद्धांताचं गांभीर्य ध्यानात येतं.

कलम २ : मैल खरे की बनवलेले. इथे दरवर्षीच्या एमओटी चाचणीत मैलांचा आकडा नोंदला जातो आणि २००५ पासूनच्या नोंदी नंबरप्लेटवरून कुणालाही फुकट बघता येतात. आकडा दरवर्षी थोडा थोडा चढत गेलेला असावा. मात्र मे २०१८ पासून, मूळ रूपात राखलेल्या चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना ही चाचणी सक्तीची राहिलेली नाही. म्हणजे म्हातारपणी जेव्हा तपासणी खरी हवी, नेमके तेव्हाच सरकारने डोळे झाकले. मग पेडलचं रबर बघावं, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड बघावी आणि टायर बघावेत. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. २३०६ असेल तर २००६ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नव्यासारखी आणि टायर मिसरूड फुटलेल्या पोराच्या वयाचा, असं या गाड्यांत हमखास आढळतं. असे टायर बदलूनच घ्यायचे, त्यात काटकसर करायची नाही.

कलम ३ : चुंबक. पत्र्यावर पुटी भरून रंग मारलेला आहे का, हे कळायला चुंबक न्यावा. बापू फ्रिजवरचा गणपती नेतात. एकदा त्यांनी चारचौघांत तो दारावर टेकवला, गणपती सरळ खाली घसरला आणि सगळ्यांचे चेहरे पडले. त्यावर त्यांनीच खुलासा केला की दारं, बॉनेट आणि डिकीचं झाकण ॲल्युमिनियमचं असतं, तिथे चुंबक चिकटणारच नाही. तो लावायचा मागच्या चाकांच्या कमानीला आणि दाराखालच्या पट्टीला, कारण गंज तिथूनच वर चढतो. मला वाटतं, हा प्रयोग ते मुद्दाम दारापासून सुरू करतात.

कलम ४ : ब्रेक. या कलमासाठी वेळ राखून ठेवावा. कॉर्निशचे ब्रेक साध्या गाडीसारखे नाहीत. सिट्रोएन कंपनीकडून परवाना घेऊन केलेली उच्च दाबाची यंत्रणा आहे : इंजिनवर चालणारे दोन पंप, आणि दाब साठवायला नायट्रोजन भरलेले गोळे. दोन टनांवरचं धूड थांबवायचं, तर पायाच्या जोरावर भागत नाही. परीक्षा अशी. इंजिन काही मिनिटं चालवून दाब भरू द्यायचा. मग इंजिन बंद, किल्ली मात्र चालू. आता ब्रेक दाबत राहायचं आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा कितव्याला लागतो ते मोजायचं. बापू मोठ्याने आणि मराठीत मोजतात. गाडीचा ब्रिटिश मालक अंगणात ट्वीडचा कोट घालून उभा असतो आणि त्याच्या गाडीतून “अकरा, बारा, तेरा” ऐकू येत असतं. दिवा पंचविसाच्या पुढे लागला तर बापू “ठीक” म्हणतात. सात-आठलाच लागला तर काही बोलत नाहीत, खाली उतरून चष्मा पुसतात.

पुढचा प्रश्न तेलाचा. जुन्या कॉर्निशमध्ये आरआर ३६३ नावाचं खास ब्रेकचं तेल चालतं. ते हवेतली ओल ओढतं, म्हणून गाडी हलो न हलो, दोन वर्षांनी बदलायचं. ऐंशीच्या दशकातल्या गाड्यांत खनिज तेल आलं. एकाच्या टाकीत दुसरं ओतलं की सगळी सीलं फुगतात आणि अख्खी यंत्रणा उतरवावी लागते. त्या बिलात एक बरी गाडी येते. म्हणून मालकाला सहज विचारावं, “यात कुठलं घालता?” तो “ते गॅरेजवाला बघतो” म्हणाला की वहीत फुली.

“दोन वर्षांनी तेल बदलायचं म्हणता,” आमच्या ताई (म्हणजे बापूंच्या सौ.) एकदा मागच्या सीटवरून म्हणाल्या, “आणि लग्नात आलेला डिनर सेट?” तो सेट वरच्या फळीवर खोक्यात आहे. चांगला आहे म्हणून काढत नाहीत. बापूंनी खिडकीची काच वर केली.

कलम ५ : छत आणि आतलं सामान. छत उघडायला सांगावं, आणि न लाजता मिटायलाही सांगावं, कारण पुष्कळ छतं एकाच दिशेला चालतात. मोटर रडते आहे का ऐकावं. मग वाकून गालिचा उचलावा. उंची लोकर आहे, अंधार आहे, वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नाही. कसरीला आणखी काय हवं? चामडं वापरात मऊ राहतं, ठेवलेलं कडक होतं. डॅशबोर्डच्या अक्रोडी लाकडावरच्या लाखेला चिरा असतील तर गाडी उन्हात उभी होती, ‘कायम गॅरेजमध्ये’ नव्हे.

कलम ६ : इंजिन ६७५० सीसी. ताकद किती ते विचारू नये. कंपनी आकडा न देता ‘पुरेशी’ एवढंच सांगत असे.

कलम ७ : पेट्रोल लिटरला चार किलोमीटर धरावं. ई-टेन, म्हणजे इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, टाळावं.

कलम ८ : पुतळी. बॉनेटवरच्या पुतळीपाशी बापूंना थांबू द्यावं. चार्ल्स साइक्स या शिल्पकाराने १९११ मध्ये ती घडवली. एलेनॉर थॉर्नटन ही लॉर्ड मॉन्टॅग्यूंची सेक्रेटरी त्यासाठी उभी राहिली असं मानतात. १९१५ च्या डिसेंबरात ती मॉन्टॅग्यूंबरोबर हिंदुस्थानला निघाली असता ‘पर्शिया’ बोट क्रीटजवळ टॉर्पेडोने बुडाली. मॉन्टॅग्यू वाचले, ती गेली. बोट मुंबईला यायची होती. हे सांगताना बापूंचा आवाज बदलतो. मालक मान हलवतो, आणि माझ्या घड्याळाकडे बघण्याला तेवढा वेळ काही अर्थ नसतो. पुढची माहितीही तेच देतात : या गाडीची बॉडी लंडनमध्ये विलेस्डनला, हाइद रोडवरच्या मुलिनर पार्क वॉर्डच्या कारखान्यात व्हायची. डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळापासून हे फार लांब नाही. १९७१ पासून जवळपास पंचवीस वर्षं हाच आकार निघत राहिला. बापूंना वाटतं की विलेस्डनच्या रस्त्यावर त्यांनी एखादी कापडाखाली झाकून जाताना पाहिली असणार. मी आता “कधी?” असं विचारत नाही.

कलम ९ : वाहनव्यवस्था. बघायला जाण्यासाठी साडूंनी साडूची गाडी, साडूचं पेट्रोल आणि साडूचा रविवार वापरावा. ही रूढी आहे, नियम नव्हे, आणि ती मोडावी असं माझं स्पष्ट मत आहे. मी ससेक्सच्या एका गल्लीत, मागे ट्रॅक्टर हॉर्न वाजवत असताना, अर्धा मैल उलटी गाडी घेतलेली आहे.

कलम १० : बोली. मालकाच्या किमतीतून टायर, नळ्या, गोळे, सीलं आणि गालिचा वजा करून उरेल तो आकडा सौम्य आवाजात सांगावा. मालक दुखावतो. त्याने गाडी चाळीस वर्षं जपली आणि हा परका माणूस त्या जपण्याचेच पैसे कापतो. चहा आला तर घ्यावा. निघताना “घरी विचारून कळवतो” म्हणावं.

कलम ११ : मालकाने बोली मान्य केल्यास. या कलमाचा मसुदा तयार नाही. मी दोनदा आठवण केली. बापू म्हणाले, “तशी वेळ येऊ देऊ नये.”