पिकासोचा साक्षीदार

शेफील्ड नगरीत पोलादाच्या भट्ट्यांचे आणि सुऱ्या-काट्यांच्या कारखान्यांचे अधिराज्य असताना, आणि बाराही महिने आकाशाला काजळी लागलेली असताना जन्मलेला, मिसरूड फुटण्यापूर्वीच कारखान्याच्या फाटकातून आत गेलेला आणि निवृत्त होऊनच बाहेर आलेला जो सामान्य गृहस्थ, त्याच्या आयुष्यात चारचौघांत सांगण्यासारखी एकच गोष्ट घडलेली असते; आणि ती बहुधा घडलेली नसते. ती गोष्ट म्हणजे पिकासोची भेट.

पिकासो शेफील्डला आला होता, याविषयी मात्र कोणीही शंका घेऊ नये. 1950 साली नोव्हेंबरच्या 13 तारखेला, सोमवारी, तेथील सिटी हॉलमध्ये दुसरी जागतिक शांतता परिषद भरावयाची होती. कोरियात युद्ध पेटलेले, आणि अ‍ॅटलीसाहेबांच्या सरकारला शांततेच्या प्रत्येक घोषणेमागे मॉस्कोचा आवाज ऐकू येत असलेला. तेव्हा परदेशी प्रतिनिधींपैकी पुष्कळांना परवाने नाकारण्यात आले, आणि खुद्द जोलिओ-क्युरींसारख्या नोबेलविजेत्या शास्त्रज्ञालाही इंग्लंडच्या भूमीवर पाऊल ठेवू देण्यात आले नाही. पिकासो 1944 पासून फ्रेंच कम्युनिस्ट पक्षाचा उघड सभासद. तरीही त्याला आत सोडले. चित्रकार माणूस, करून करून काय करणार, असा हिशेब सरकारदरबारी झाला असावा असे मला वाटते. परिणामी परिषद शेफील्डात एक दिवस कशीबशी उभी राहिली आणि बाडबिस्तरा आवरून वॉर्सॉला निघून गेली. मिडलँड स्टेशनावर उतरलेला पिकासो, सिटी हॉलच्या व्यासपीठावरून आपल्या वडिलांनी आपल्याला कबुतरे रंगवावयास कसे शिकविले हे थोडक्यात सांगणारा पिकासो आणि तेथेच कागदावर एक कबुतर रेखाटून देणारा पिकासो, एवढीच काय ती शेफील्डच्या वाट्याला आलेली इस्टेट. परंतु मूळ इस्टेट जितकी लहान, तितके तिच्यावर हक्क सांगणारे अधिक, हा दिवाणी न्यायालयांचा अनुभव येथेही खरा ठरला.

आमचा साक्षीदार आपली जबानी कधीही आपणहून देत नाही. गुत्त्यातील आपल्या ठरावीक कोपऱ्यात तो मौन धारण करून बसलेला असतो; मात्र समोरच्या परक्या माणसाने चित्रे, स्पेन, शांतता, कबुतरे, न्हावी अथवा रेल्वे यांपैकी कोणताही विषय चुकून काढला, की तो ग्लास खाली ठेवतो, तोंड पुसतो, आणि जगातल्या एका फार मोठ्या माणसाशी आपला एकदा संबंध आला होता, असे छताकडे पाहत म्हणतो. पुढील अर्धा तास ऐकणाऱ्याची सुटका नाही. पिकासोने शेफील्डात केस कापवून घेतले, अशी गावात वदंता आहे. त्या केशकर्तनालयात पुढचा नंबर आमच्या साक्षीदाराचा होता. पिकासो एका उपाहारगृहात जेवला आणि तेथे त्याने कागदी की कापडी रुमालावर काही रेखाटले, असेही लोक सांगतात. पलीकडच्या टेबलावर आमचा साक्षीदार होता. स्टेशनावर पिकासोची बॅग कोणी उचलली, हे तो सांगत नाही, पण आपल्या उजव्या खांद्याकडे अशा काही नजरेने पाहतो की ऐकणाऱ्याने समजून घ्यावे. एका माणसाने एका दिवसात स्टेशन, न्हावी, उपाहारगृह आणि सभागृह या चारही स्थळी जातीने हजर राहावयाचे, आणि तेही कारखान्याची पाळी न बुडविता, ही गोष्ट शास्त्रीयदृष्ट्या जरा अवघड आहे खरी. परंतु शास्त्र आणि साक्ष यांचे कधीच फारसे जमलेले नाही.

मुद्देमाल म्हणून हजर करावयाचा तो रुमाल मात्र कधीच हजर होत नाही. तो आईने धुऊन टाकला. शेफील्डातील रुमालांच्या बाबतीत आया इतक्या एकमताने वागल्या आहेत की त्या काळी तसा सरकारी हुकूमच निघाला होता की काय, असे वाटावे. सोमवार हा तेव्हा इंग्रज घरांतून धुण्याचा वार. आणि आईने त्या रुमालावरील कबुतर सोमवारच्या धुण्यात घालविले, असे तो सद्गदित होऊन सांगतो. एकदा एका चिकित्सक तरुणाने पंचांग काढून दाखविले, की पिकासोच मुळी सोमवारी आला होता, आणि दुपारपर्यंत तर धुणे दोरीवर वाळत असणार. साक्षीदार क्षणभरही डगमगला नाही. “पुढचा सोमवार,” तो म्हणाला, आणि त्या तरुणाकडे त्याने अशा करुणेने पाहिले की बिचाऱ्याने निमूटपणे उठून त्याचा ग्लास भरून आणला.

पिकासोच्या कलेविषयी त्याचे मत अनुकूल आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. दोन्ही डोळे नाकाच्या एकाच बाजूला असलेली बाई त्याने पोलादाच्या गावात जन्म काढूनही कधी पाहिलेली नाही. परंतु कबुतर हा त्याचा अधिकाराचा विषय. शर्यतीची कबुतरे पाळणे हा तिकडील कामगारवर्गाचा पिढीजात नाद. स्काय एजच्या टेकडीवर त्यांची खुराडी दाटीवाटीने उभी असत, आणि पक्ष्याच्या छातीवरून, डोळ्यावरून, पंखाच्या पिसांवरून त्याची लायकी ओळखणारे जाणकार गल्लोगल्ली सापडत. पॅरिसच्या परिषदेच्या भित्तिपत्रकावर 1949 साली झळकून जगभर शांततेचे चिन्ह ठरलेले ते पहिले कबुतर पिकासोने ज्या पक्ष्यावरून काढले, तो मातिसने भेट दिलेला, पायांवर पिसांचा झुपका असलेला शोभेचा पक्षी होता. हे कानावर येताच आमच्या साक्षीदाराने निकाल दिला: पायाला पिसे असलेला पक्षी शर्यतीच्या काय कामाचा? पिकासो माणूस चांगला होता, बोलायला साधा होता. पण त्याला पक्ष्यातले कळत नव्हते, आणि ते आपण त्याला तोंडावर सांगितले. कोणत्या भाषेत सांगितले, हे विचारणे असभ्यपणाचे होय.

या साक्षीचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. 1950 साली ती कोणीच दिली नाही. त्या वेळी कम्युनिस्टांच्या सभेत आपण होतो, हे फोरमनच्या कानावर जाऊ देणे हिताचे नव्हते, आणि पुढे कित्येक वर्षे ही आठवण सीलबंद दप्तरात पडून राहिली. मग पिकासोच्या चित्रांच्या किमती वाढत गेल्या, आणि लिलावाच्या प्रत्येक बातमीसरशी आमच्या साक्षीदाराची स्मरणशक्ती तेज होऊ लागली. 1973 साली पिकासो वारला, आणि उलटतपासणीची अखेरची धास्तीही संपली. सिटी हॉलच्या मुख्य सभागृहात दोन हजारांवर माणसे बसतात. त्या दिवशी आपण आत होतो असे आज म्हणणाऱ्यांना आणि म्हणून गेलेल्यांना एकत्र बसवायचे झाल्यास, हॉलबाहेरचा चौक आणि ट्रॅमचे जुने रस्तेही अपुरे पडतील.

आमच्या साक्षीदाराला मनस्ताप दोनच गोष्टींचा. पहिली लंडनची. त्याच दौऱ्यात बर्नाल या शास्त्रज्ञाच्या घरी पिकासोने गप्पांच्या भरात भिंतीवरच चित्र काढले. ती भिंत कापून जपली गेली, आणि 2007 साली वेलकम संस्थेने ती अडीच लाख पौंडांना विकत घेतली. लंडनला अख्खी भिंत आणि आम्हाला रुमाल, तोही धुतलेला! दुसरी गोष्ट त्याची बायको. ती विणकाम करीत सगळी हकिगत शांतपणे ऐकून घेते, आणि शेवटी, नजर वर न करता, “त्या आठवड्यात तुला गालगुंड झाले होते,” एवढेच म्हणते.

आता हे मूळ साक्षीदार फार थोडे उरले. परंतु सातबाऱ्यावर जशी वारसांची नोंद व्हावी, तशी या आठवणींची नोंद मुलांच्या नावे झालेली आहे, आणि वडील सांगत असत तेवढ्यावर मुलगे थांबत नाहीत. रुमालाचा एव्हाना टेबलक्लॉथ झाला आहे. वाचकांपैकी कोणी शेफील्डला गेलेच, तर अशा गृहस्थाची गाठ अवश्य घ्यावी, त्याची हकिगत अखेरपर्यंत ऐकावी आणि ग्लासाचे पैसे आपण द्यावेत; पुरावा मात्र मागू नये, आणि शेजारच्या गुत्त्यात हीच हकिगत दुसऱ्या कोणाकडून ऐकली असल्यास ती त्याच्याजवळ चुकूनही काढू नये.