यादीकाका

जूनचा तिसरा आठवडा उलटला, न्यू जर्सीतल्या शाळांना कुलपं लागली आणि पोरं कोचावर आडवी झाली, की ज्या माणसाची झोप उडते त्याला आमच्या एडिसनमध्ये 'यादीकाका' म्हणतात. नाव पडलं ते एकाच काकांवरून, पण हा नग एकच आहे असं समजू नका. मराठी माणसांची चार घरं असलेल्या प्रत्येक टाऊनशिपमध्ये एक यादीकाका निघतोच. वय पन्नाशीच्या अल्याड-पल्याड. हुद्दा आर्किटेक्ट, म्हणजे सॉफ्टवेअरचा. घरातला नळ गळायला लागला तर दुसऱ्याला फोन करणारा. मुलगी हायस्कुलात. आणि फ्रिजवर, डी-मार्टच्या तोडीस तोड कॉस्टकोच्या कुपनांशेजारी, चुंबकानं लावलेली शाळेची समर रीडिंग लिस्ट.

ही लिस्ट म्हणजे अमेरिकन शाळांचा सुट्टीतला गृहपाठ. शाळा सप्टेंबरात, लेबर डेच्या आगेमागे उघडते. तोवर नेमून दिलेली दोन-तीन पुस्तकं वाचायची, वहीत नोंदी करायच्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यावर निबंध लिहायचा. अडीच महिन्यांत पोरं शिकलेलं विसरतात, त्यावर हा उतारा. मेल मुलांना येते, पालकांना येते. मुलं ती उघडत नाहीत. यादीकाका ती प्रिंट करतात.

खरं तर आमच्या मूळ काकांचा आणि साहित्याचा संबंध दहावीला तुटला होता. सांगलीत वाढलेल्या या माणसानं मराठीचा पेपर '21 अपेक्षित'च्या जोरावर काढला. मे महिन्याची सुट्टी आंब्यांना, विहिरीला आणि क्रिकेटला वाहिलेली. सुट्टीत कुणी पुस्तक वाचायला लावलं असतं तर घरच्यांनीच मास्तरांना समजावलं असतं. पण अमेरिकेत आल्यापासून काकांची अशी पक्की श्रद्धा आहे की शाळेनं दिलेली कुठलीही यादी ही कॉलेज प्रवेशाची पहिली पायरी असते, मग ती पुस्तकांची असो की पिकनिकला आणायच्या नॅपकिनांची.

लेक नववीत जायची होती त्या वर्षी यादीत होमरची 'ओडिसी' आणि स्टाइनबेकचं 'ऑफ माइस अँड मेन' आलं. काकांनी त्याच रात्री एक्सेल उघडलं. एकूण पानं भागिले एकूण दिवस. शनिवार-रविवार निम्मा भार, चार जुलैला सुट्टी, पुण्याला जायचे तीन आठवडे वेगळ्या रंगात. शेवटी पाच दिवसांचा 'बफर'. लेकीनं तो तक्ता पाहिला आणि म्हणाली, "बाबा, इट्स माय असाइनमेंट."

"अगं, तुझीच आहे. मी फक्त ट्रॅक करतोय."

खरेदीतही काकांचा काटेकोरपणा वेगळाच. पुस्तकांच्या दुकानात समर रीडिंगचं टेबल मांडलेलं असतं, त्यावर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची क्लिफ्सनोट्स दिसली. क्लिफ्टन हिलेगास नावाच्या गृहस्थानं 1958 साली नेब्रास्कातल्या लिंकन गावी शेक्सपिअरच्या 16 नाटकांपासून हा उद्योग सुरू केला आणि अमेरिकेतल्या कैक पिढ्या मूळ पुस्तक न उघडता पास झाल्या. काकांना आपलं माणूस भेटल्याचा आनंद झाला. "अगदी आपलं अपेक्षित!" असं म्हणून त्यांनी ते प्रेमानं हाताळलं, आणि लेकीचा हात तिकडे जाताच ताडकन जागेवर ठेवलं. "हे असलं वाचून काही होत नाही."

"तुम्ही झालातच की," काकू म्हणाल्या.

पुढं पुस्तकं पुण्याला गेली. तेवीस किलोंच्या बॅगेत जागा अडवून गेली, आणि येताना शेंगदाण्याच्या चटणीची जागा अडवून परत आली. मधल्या काळात ती कुणी उघडली नाहीत.

या नेमलेल्या पुस्तकांबरोबर एक वही असते, डायलेक्टिकल जर्नल. पानाच्या मधोमध रेघ ओढायची. डावीकडे पुस्तकातलं वाक्य उतरवायचं, उजवीकडे त्यावर आपलं म्हणणं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात काकांनी तपासणीसाठी वही मागितली. एकच नोंद होती. डावीकडे दोन ओळी, उजवीकडे 'सो सॅड'.

"एवढंच?"

"मग काय लिहू?"

काय लिहायला हवं ते सांगायचं तर पुस्तक वाचलेलं हवं. सकाळी मेट्रोपार्कहून न्यूयॉर्कची गाडी पकडताना काकांच्या लॅपटॉपच्या बॅगेत 'ऑफ माइस अँड मेन' होतं. जेमतेम शंभर-सव्वाशे पानांचं पुस्तक. निव्वळ ऑडिट म्हणून.

त्या संध्याकाळी काका स्टेशनवर भेटले ते वेगळेच दिसत होते. "काय हो, झालं काय?" मी विचारलं.

"दोन मजूर आहेत. कॅलिफोर्नियातले. 1930 च्या आसपासचे. दुसऱ्यांच्या शेतावर राबतात आणि रोज एकमेकांना सांगतात, आपली जमीन घेऊ, घर बांधू, ससे पाळू. दहा एकर! म्हणजे चारशे गुंठे! किंमत किती? सहाशे डॉलर. एक म्हातारा साडेतीनशे घालायला तयार. म्हणजे अर्ध्याहून जास्त सोय झाली हो!"

"मग घेतली का?"

काका थोडा वेळ रुळांकडे बघत राहिले. काकांनी स्वतः तळेगावच्या पुढं पाच गुंठे घेऊन ठेवलेत. गेली कित्येक वर्षं ते 'एनए होणार' आहेत. तिथं बांधायच्या घराला झोपाळा कुठं टांगायचा, हेसुद्धा ठरलेलं आहे. "नाही," ते म्हणाले. "त्या स्टाइनबेकला प्लॉटचं सगळं ठाऊक होतं."

इथून पुढं काका आवरेनात. 'ओडिसी' त्यांनी चोवीसच्या चोवीस सर्ग वाचली, रंगीत चिकटचिठ्ठ्या लावून: पिवळी महत्त्वाची, गुलाबी संशयास्पद, निळी 'हे आपल्याकडं महाभारतात आधीच येऊन गेलं'. आणि मग मराठी मंडळाच्या ढोल-ताशाच्या सरावाला, पार्किंग लॉटमध्ये, ढोल खाली ठेवून त्यांनी मला गाठलं.

"ओडिसिअस घरी जायला किती वर्षं घेतो?"

"दहा, युद्धानंतर."

"दहाच! आमची ग्रीन कार्डाची रांग बघितली असती तर होमरनं आणखी चोवीस सर्ग लिहिले असते. बरं, त्यातली सात वर्षं तो कुठं असतो? त्या कॅलिप्सोच्या बेटावर. सात! आता एच-वन-बी व्हिसा किती वर्षांचा असतो?"

"सहा."

"आणि पुढं?"

"एकेक वर्षाचं एक्स्टेन्शन."

"सहा अधिक एक!" काकांनी टिपरू हवेत फिरवलं. "गडी एक्स्टेन्शनवर होता! खायला-प्यायला उत्तम, बेनिफिट्स तर काय, अमरत्व देऊ म्हणते ती. पण सोडायचं नाव नाही. शेवटी वरून ऑर्डर येते, झ्यूसची, तेव्हा निघतो. आणि इकडं बायको दिवसा विणते, रात्री उसवते. तीन वर्षं. आमच्या प्रोजेक्टचं दुसरं काय चाललंय?"

लेकीनं ती दोन्ही पुस्तकं ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, गणपतीच्या गडबडीत, तीन रात्री जागून संपवली. बफर कामी आला एवढंच काकांच्या नियोजनाचं यश. निबंधाला तिला ए मिळाला. काका दारातच उभे होते.

"प्रश्न काय होता?"

"लाइक, थीम ऑफ होम."

"मग तू एक्स्टेन्शनचं लिहिलंस ना?"

"बाबा, नो."

काका दोन दिवस नाराज होते. अडीच महिने अभ्यास कुणी केला आणि पेपर कुणाचा घेतला! तेव्हापासून त्यांना मनातून वाटतं की पहिल्या आठवड्याच्या त्या परीक्षेला शेवटचा एक बाक पालकांसाठी ठेवायला हरकत नाही.

पुढच्या उन्हाळ्यांत एक्सेल आपोआप सुटलं. अकरावीच्या यादीत 'द ग्रेट गॅट्सबी' आलं तेव्हा लेकीआधी काकांचंच वाचून झालं. 1925 सालची ही कादंबरी: लाँग आयलंडवरचा बंगला, दर शनिवार-रविवारी शेकडो लोक फुकटचं खाऊन-पिऊन जातात, आणि यजमान मेल्यावर अंत्यविधीला बोटांवर मोजण्याइतकी माणसं. प्राध्यापक मंडळी यावर अमेरिकन स्वप्नाबद्दल बोलतात. काका मंडळाचे माजी खजिनदार. "यात धक्का बसण्यासारखं काय आहे? आपल्याकडं प्रसादाला आठशे आणि खुर्च्या उचलायला चार. गोष्ट सांगणाऱ्या त्या निकला विचारा, चौथा तोच असणार."

बारावीच्या यादीत झुंपा लाहिरींचं 'द नेमसेक' होतं. बंगाली बाप, अमेरिकेत जन्मलेला मुलगा. मला वाटलं आता काकांचा पार्किंग लॉट दणाणणार. पण ते चार दिवस काही बोललेच नाहीत. शेवटी मीच विषय काढला.

"बाप मुलाला चौदाव्या वाढदिवसाला पुस्तक देतो," काका म्हणाले. "ज्या लेखकावरून नाव ठेवलं त्याच्या गोष्टींचं. पोरगं ते न वाचता फळीवर टाकतं."

"मग?"

"उघडतो शेवटी. बाप गेल्यावर." मग घसा खाकरून म्हणाले, "एवढी लांबची डेडलाइन देऊ नये माणसानं."

लेक आता कॉलेजात गेलीय. तिच्या खोलीतली फळी काकांनी जशीच्या तशी ठेवलीय, चिकटचिठ्ठ्यांसकट. फ्रिजवर मात्र यादी नाही, आणि हे काकांना सोसत नाही. म्हणून जून लागला की ते मंडळाच्या पॉटलकला हातात पुरणपोळीची ताटली घेऊन हायस्कुलातली पोरं हेरत फिरतात. "लिस्ट आली का?" एवढाच प्रश्न. यादीकाका हे नाव पडलं ते इथंच, आणि पोरं ते त्यांच्या तोंडावर म्हणतात.

परवा नववीत जाणारं एक पोर त्यांच्या तावडीत सापडलं. यादी 'ओडिसी'ची. काकांचा चेहरा उजळला.

"कॅलिप्सोच्या बेटावर तो किती वर्षं असतो, ठाऊक आहे?"

"काका, आय हॅवन्ट स्टार्टेड."

"उत्तम," काका म्हणाले आणि त्याच्यासाठी शेजारची खुर्ची ओढली. "घाई करू नकोस. बस. आधी तुझ्या बाबांना बोलाव, त्यांचा व्हिसा कुठला होता ते विचारू."