हॉवेल्सची पेन्सिल

विल्यम डीन हॉवेल्स हे नाव आज अमेरिकेतही फारसं कुणाच्या तोंडी नसतं. ओहायोत वडिलांच्या छापखान्यात लहानपणीच खिळे जुळवायला लागलेला हा गृहस्थ पुढे १८७१ ते १८८१ अशी दहा वर्षं बॉस्टनच्या 'अटलांटिक मंथली'चा संपादक होता. 'द राइज ऑफ सायलस लॅफम'सारख्या कादंबऱ्या त्यानं लिहिल्या. पण लोक त्याला ओळखतात मार्क ट्वेनचा मित्र म्हणून. संपादकी केली की हे आलंच.

ट्वेननं 'टॉम सॉयर'चं हस्तलिखित त्याच्याकडे वाचायला दिलं. त्यात विधवेच्या घरी केस विंचरून घेऊन वैतागलेला हक फिन बोलता बोलता नरकाचा उद्धार करतो. ट्वेनच्या घरच्या देवभीरू बायकांनी ते ऐकलं, कुणी हूं की चूं केलं नाही. हॉवेल्सच्या पेन्सिलीतूनही ते सुटलं. अखेर १८७६ च्या जानेवारीत ट्वेनलाच राहवेना, त्यानं आपणहून विचारलं. मग हॉवेल्सनं कळवलं, की शिवी काढलेली बरी. वर हेही सांगितलं, की आपल्या कानांना ती भाषा इतकी ओळखीची आणि हकच्या तोंडी इतकी शोभणारी, की खटकलीच नाही! छापताना नरक गेला आणि तिथं ढगांचा गडगडाट आला. बिचारा हक. तोंड त्याचं आणि ते धुणारे दोन सद्गृहस्थ.

हॉवेल्सच्या लिखाणावरही एकदा पेन्सिल फिरली होती, आणि ती साधीसुधी नव्हे. १८६० च्या निवडणुकीसाठी तेविशीतल्या हॉवेल्सनं अब्राहम लिंकनचं चरित्र घाईघाईनं लिहून दिलं. लिंकनला भेटायला स्प्रिंगफील्डला तो स्वतः गेलाच नाही, माहिती आणायला दुसऱ्याला धाडलं. मग व्हायचं तेच झालं. पुस्तक छापून आल्यावर लिंकननं एका स्नेह्याची प्रत घेऊन समासात दुरुस्त्या केल्या. विधिमंडळाच्या गावी इतर सदस्य घोड्यावरून जात आणि लिंकन मात्र पायी, असं पुस्तकात होतं. शेजारी नायकाचा शेरा असा, की खरं असतं तरी काही बिघडलं नसतं, पण ते खरं नाही. इतका सभ्य शेरा मारणारा संपादक मी तरी पाहिलेला नाही.

निवडून आल्यावर त्याच लिंकनच्या सरकारनं चरित्रकाराला वाणिज्यदूत म्हणून व्हेनिसला पाठवलं. १८६१ पासून चार वर्षं. 'अटलांटिक'नं एवढं मानधन कुठल्याही लेखकाला दिलं नसेल.