हाताला गुण

आमच्या सोसायटीतले अप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. उभी हयात कालव्याला पाणी सोडण्यात गेली. ‘आवर्तन कधी?’ म्हणून शेतकरी त्यांच्या दाराशी ताटकळायचे. आता पुण्यातल्या दोन खोल्यांत ताटकळणारं कुणी उरलं नाही. मुलगी हे ओळखून होती. बंगळुरूला परत जाताना तिने खिडकीत तीन सक्युलंट ठेवली आणि म्हणाली, “बाबा, यांच्याकडे फारसं लक्ष द्यावं लागत नाही.”

अप्पा दुखावले. लक्ष द्यावं लागत नाही, तर मग आम्ही कशाला आहोत?

त्यांनी लगेच वहीत आवर्तनं आखली. सकाळी एक, संध्याकाळी एक. झाडांपैकी जेड आणि हॉवर्थिया मूळची दक्षिण आफ्रिकेची, एचेवेरिया मेक्सिकोकडची. पानातच पाणी साठवायचं आणि पुढच्या पावसाची वाट बघत बसायचं, हे तिघांच्या रक्तातच. मुलीने फोनवर समजावलं, की दिवसा पाणी उडून जाऊ नये म्हणून ही झाडं पानांची छिद्रं मिटून घेतात आणि रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात. अप्पा हळहळले. “म्हणजे रात्रपाळी करतात बिचारी!” त्या दिवसापासून रात्री दहाचं तिसरं आवर्तन सुरू झालं.

कुंड्या चिनी मातीच्या, तळाला भोक नसलेल्या. त्या त्यांनी मुद्दाम निवडून आणल्या होत्या. गळती हा अप्पांच्या लेखी गुन्हा आहे.

निदानही पक्कं. पान सुरकुतलं, तर तहान. पान पिवळं पडून लिबलिबीत झालं, तर तहान फार दिवसांची. हॉवर्थिया मुळाशी कुजून गेलं, तेव्हा अप्पांनी रीतसर चौकशी केली आणि वहीत निष्कर्ष नोंदवला : पाणी कमी पडले.

एचेवेरियाचा मात्र त्यांना अभिमान. खरं तर ती जमिनीलगत पानांचा घट्ट गुच्छ करून बसणारी. पण अप्पांच्या खिडकीसमोर शेजारची इमारत. ऊन नाही म्हणून तिची मान लांबत चालली, पानं विरळ होत गेली. अप्पा नातवाची उंची मोजावी तशी भिंतीवर पेन्सिलीने खुणा करत.

“बाबा, ती उजेडासाठी तडफडतेय,” मुलगी म्हणाली.

“तडफडणारी पोरंच पुढे जातात,” अप्पा म्हणाले.

मग ते महिनाभर बंगळुरूला गेले. किल्ली आणि वेळापत्रक समोरच्या घरातल्या मुलाकडे. मुलाची परीक्षा संपलेली, क्रिकेट सुरू झालेलं. त्याने एकदाच दार उघडलं. कुंड्या खिडकीतून उचलून उन्हाच्या गॅलरीत ठेवल्या, कारण खिडकीत त्याला बॅट ठेवायची होती.

अप्पा परतले, तर माती कोरडी, जेडची पानं टणक, कडांना लाली. एचेवेरियाच्या शेंड्याला नवा, घट्ट गुच्छ.

“याला म्हणतात वेळेवर पाणी!” अप्पांनी मुलाच्या हातावर शंभराची नोट ठेवली. “तुझ्या हाताला गुण आहे. यापुढे माझ्याऐवजी तूच घालत जा.”

तेव्हापासून मुलगा रोज तीनदा येतो, पाण्याचा मग भरून घेतो, गॅलरीत जातो आणि सगळं पाणी तिथल्या कढीपत्त्याला घालतो. अप्पा आतून वहीत बरोबरची खूण करतात. सोसायटीत हल्ली कढीपत्ता कुणी विकत आणत नाही.