वादी जातीने हजर

शिवाजीनगरच्या दिवाणी कोर्टात पट्टेवाल्यानं पुकारा केला की मागच्या बाकावरून खणखणीत आवाज येतो, "हजर!" वकील असे ओरडत नाहीत. ते नुसते उभे राहतात, तेही ज्युनियरला पाठवायला जमलं नाही तरच. हा आवाज आमच्या काकांचा. अंगात काळं जाकीट, कारण सनद नसल्यामुळे काळा कोट आणि बँड घालता येत नाही; पण काळा रंग कुणाच्या बापाचा नाही, असं त्यांचं मत आहे.

असे काका प्रत्येक कोर्टात एक तरी असतात. बँकेतून किंवा पाटबंधारे खात्यातून निवृत्त, पेन्शन वेळेवर, गुडघे शाबूत आणि वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरातून भिंतीवर उतरणारा पाण्याचा एक ओघळ. पहिल्या वकिलानं फी सांगितली, दुसऱ्यानं "सोसायटीत मिटवून घ्या" म्हणून सांगितलं. काका दोघांवरही चिडले आणि अप्पा बळवंत चौकातून दिवाणी प्रक्रिया संहिता घेऊन घरी आले. ऑर्डर ३, नियम १ म्हणतो की पक्षकारानं स्वतः, मुखत्यारामार्फत किंवा वकिलामार्फत हजर राहावं. काकांनी 'स्वतः'खाली लाल रेघ मारली आणि पुढचं वाचणं थांबवलं. अर्ध्यावर वाचणं थांबवण्याची ही सवय त्यांना पुढे बरीच महागात पडली.

हक्क मात्र खरा आहे आणि मोलाचाही. ग्राहक आयोगात वकील नसला तरी अडत नाही. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फीसुद्धा लागत नाही. कौटुंबिक न्यायालयात तर १९८४ च्या कायद्यानं वकील हक्कानं मागताच येत नाही. पण काकांचं भांडण ना बिल्डरशी, ना बायकोशी. ते वरच्या मजल्याशी आहे आणि त्यांना 'मे. कोर्ट'च हवं आहे.

वादपत्र त्यांनी रात्री जागून लिहिलं. इमारतीची पायाभरणी, पानशेतचा पूर, सेक्रेटरीचा स्वभाव, सगळं त्यात आलं आहे. ओघळ येतो सत्ताविसाव्या परिच्छेदात. न्यायाधीश म्हणाले, "काका, महत्त्वाच्या गोष्टी थोडक्यात लिहाव्यात असं संहितेतच आहे." काका म्हणाले, "साहेब, हे थोडक्यातच आहे. मूळ घरी आहे." त्यांच्या प्रत्येक अर्जाखाली कलम १५१ असतं. त्यात कोर्टाचे अंगभूत अधिकार येतात. म्हणजे कोर्ट वाट्टेल ते करू शकतं, आणि ते आपल्यासाठीच करील, असा काकांचा समज आहे.

उलटतपासणीचा दिवस मात्र पाहण्यासारखा होता. काका पिंजऱ्यात. समोरच्या वकिलांनी विचारलं, "तुमच्या स्वयंपाकघरातला नळच गळतो, हे खरं आहे ना?"

"ऑब्जेक्शन! सूचक प्रश्न आहे."

"सूचक प्रश्नाला सरतपासणीत मनाई आहे, उलटतपासणीत तो चालतो," न्यायाधीश म्हणाले. "आणि ऑब्जेक्शन कोण घेतंय? साक्षीदार?"

"नाही, वादीचे वकील."

"मग ते पिंजऱ्यात काय करतायत?"

काका क्षणभर गप्प झाले. मग पिंजऱ्यातून खाली उतरले, टेबलापाशी गेले, तिथून ऑब्जेक्शन घेतलं आणि परत पिंजऱ्यात जाऊन उभे राहिले. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. त्या दिवसापासून काका घरीही साक्षीतलीच भाषा बोलतात. काकूंनी "दूध उतू गेलं, तुम्ही बघत नव्हतात का?" विचारलं की उत्तर येतं, "असं म्हणणं खरं नाही की मी बघत नव्हतो."

वकील का लावत नाही, असं कुणी विचारलं की ते टिळकांना पुढे करतात. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांनी स्वतःच बाजू मांडली, २१ तासांवर बोलले. ते एलएल.बी. होते आणि तरीही सहा वर्षं मंडालेला गेले, हे काका सांगत नाहीत. १९१६ साली त्यांच्यासाठी जीना उभे राहिले आणि टिळकांनी चांगल्या वर्तणुकीचा जामीन द्यावा हा हुकूम हायकोर्टानं रद्द केला, हे तर नाहीच नाही.

एकदा लोकअदालतीचा विषय निघाला. तडजोड झाली तर कोर्ट फी परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील नाही, असं न्यायाधीशांनी समजावलं. "अपील नाही?" काकांचा चेहरा पडला. "मग काय उपयोग!" हायकोर्टात स्वतः बाजू मांडायची तर २०१५ च्या नियमांप्रमाणे आधी समितीपुढे जावं लागतं, हे कळल्यावर ते त्या समितीपुढे काय बोलायचं याच्या तयारीला लागले. इथला निकाल अजून लागायचा आहे.

मला वाटतं, काकांना ओघळ थांबलेला नको आहे. घरी त्यांचं पहिलं वाक्य संपायच्या आत टीव्ही लागतो. इथे सरकारी पगारावरचा माणूस त्यांचा शब्दन् शब्द लिहून घेतो, टंकलेखक टाइप करतो, शेवटी वाचून दाखवतात आणि बरोबर आहे म्हणून सही घेतात. एवढा मान त्यांना चाळीस वर्षांच्या नोकरीत मिळाला नव्हता. न्यायाधीश वैतागतात, पण ऐकतात, आणि याबद्दल न्यायव्यवस्थेचं कौतुकच करायला हवं. वैताग खरा येतो तो समोरच्या वकिलांना. त्यांचा वेळ मोजून विकलेला असतो, काकांच्या वेळेला गिऱ्हाईकच नाही.

तेव्हा वाचकहो, तुमच्या न्हाणीघराची फरशी कुणा काकांच्या डोक्यावर असेल तर आजच प्लंबर बोलवा. समन्स आलंच असेल तर चांगला वकील द्या आणि त्याला बजावून सांगा, मुदत मागू नकोस. काकांना तारखा आवडतात.