रस्त्यावरची मूर्खलक्षणे

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात आधी मूर्खाची लक्षणं सांगितली आणि दशक संपवताना पढतमूर्खाची. आपल्या रस्त्यांवरही एक मूर्ख गाडी चालवतो. ही पदवी त्याला रस्त्यानेच दिलेली आहे, आणि कधी हॉर्न वाजवून, कधी काच खाली करून, कधी त्याच्या घरच्यांचा उद्धार करून ती रोज नव्याने बहाल केली जाते. रस्ता त्याला ज्या ज्या गोष्टींसाठी मूर्ख म्हणतो, नेमक्या त्याच गोष्टींसाठी ही त्याची स्तुती.

पहिलं लक्षण : हा मनुष्य स्वतःच्या पुढची जागा मोकळी सोडतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. पुढच्या गाडीपासून तो दोन सेकंदांचं अंतर ठेवतो, म्हणजे सुमारे ४४ मीटर. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर एवढी जागा रिकामी दिसली की डावीकडून कोणीतरी आत घुसतंच. मूर्ख चिडत नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय जरासा सैल करतो आणि पुन्हा तेवढंच अंतर पडू देतो. यात त्याचं जातं किती? घुसणाऱ्या प्रत्येकामागे साधारण दोन सेकंद. तीसजण घुसले तर एक मिनिट. या एका मिनिटाच्या बदल्यात समोरचे लाल दिवे लागले की काय करायचं ते ठरवायला त्याच्याकडे वेळ असतो. ब्रेक हळू दाबता येतो, म्हणून त्याच्या मागच्यालाही करकचून दाबावा लागत नाही.

या मोकळ्या जागेची किंमत जपानमधल्या एका प्रयोगाने दाखवून दिली. नागोया विद्यापीठाचे युकी सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३० मीटरच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या एकामागोमाग चालवायला सांगितल्या. सिग्नल नाही, खड्डा नाही, आडवी गाय नाही. तरीही थोड्या वेळाने कोंडी झालीच. कोणीतरी किंचित वेग कमी केला, मागच्याने थोडा जास्त केला, त्याच्या मागच्याने त्याहून जास्त, आणि शेवटी गाड्या उभ्या राहिल्या. २००८ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला. ‘पुढे काहीच नव्हतं, मग इतका वेळ अडकलो कशाला?’ असं आपण म्हणतो, त्याचं उत्तर त्यात आहे. आपला मूर्ख ही लाट स्वतःच्या रिकाम्या जागेत जिरवतो. त्याच्या मागच्या पन्नास गाड्या सुरळीत चालतात आणि त्या पन्नासांपैकी एकालाही त्याचे आभार मानावेसे वाटत नाहीत, कारण काही घडलंच नाही.

दुसरं लक्षण : त्याला घाई करता येत नाही. द्रुतगती मार्ग सुमारे ९५ किलोमीटरचा आहे. तो सगळा ताशी १०० ने कापला तर ५७ मिनिटं लागतात, १२० ने कापला तर साडेसत्तेचाळीस. रस्ता पूर्ण मोकळा, घाट नाही आणि टोलनाका नाही असं धरलं तरी कमाई साडेनऊ मिनिटांची. इकडे वेग १०० चा १२० झाला की गाडी थांबवायला ब्रेकला जवळजवळ दीडपट काम करावं लागतं, कारण गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली आणि सरकारी अहवालानुसार त्यातल्या सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंमागे अतिवेग होता. साडेनऊ मिनिटं हातची घालवणाऱ्याला मूर्ख म्हणायचं असेल, तर खुशाल म्हणावं.

तिसरं लक्षण घाटात दिसतं. वरंधा असो वा आंबोली, अरुंद वळणावर चढणारी गाडी दिसली की उतरणारा मूर्ख कडेला घेऊन थांबतो. २०१७ च्या वाहनचालन विनियमांतही, रस्ता पुरेसा रुंद नसेल तिथे चढणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यावं असंच आहे. पण एसटीच्या जुन्या चालकांना ते कागदावरून शिकवावं लागलं नाही. भरलेली गाडी चढावर एकदा थांबली की पुन्हा उचलताना क्लच जळतो, गाडी मागे सरकते, मागच्याच्या पोटात गोळा येतो. उतरणाऱ्याला थांबणं त्या मानाने सोपं. ज्याला सोपं आहे त्याने थांबायचं, एवढाच हा न्याय. माझ्या मते रस्त्यावरच्या सगळ्या सौजन्याचं मूळ या एका वाक्यात आहे.

उतार उतरतानाही तो खालच्या गिअरमध्येच असतो. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडणाऱ्यांना त्याचा हिशेब समजत नाही. पण गिअर काढला की इंजिनाचा आवर जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि नको त्या क्षणी लागत नाहीत. इंजिनच बंद केलं तर एअरब्रेकची हवाही पुन्हा भरत नाही. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उताराने या बचतीची किंमत अनेकदा वसूल केली आहे, आणि ती बहुतेक वेळा बचत करणाऱ्याने नव्हे, खाली रस्त्यावर असलेल्यांनी चुकवली आहे.

चौथं लक्षण सगळ्यात नाजूक. हा मूर्ख पादचाऱ्यासाठी थांबतो, पण ‘या, या’ असा हात करून त्याला बोलावत नाही. पाहणाऱ्याला हे रुक्ष वाटतं. त्याने मात्र आरशात बघितलेलं असतं : डाव्या बाजूने एक दुचाकी येते आहे आणि ही गाडी का थांबली ते तिला दिसत नाही. हात केला की आजीबाई विश्वासाने पाऊल टाकणार आणि त्या दुचाकीखाली सापडणार. म्हणून तो लांबूनच वेग कमी करतो, मागच्यांना हाताने थोपवतो आणि कधी निघायचं ते आजीबाईंवर सोडतो. नुसतं चांगलं मन रस्त्यावर पुरत नाही. आपल्या चांगुलपणावर विसंबून दुसरा काय करेल, तेही आधी बघावं लागतं.

‘एल’ लावलेल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीमागे तो हॉर्न न वाजवता थांबतो. हॉर्नने शिकणाऱ्याचा पाय क्लचवरून सुटतो, गाडी बंद पडते आणि सगळ्यांचाच वेळ जातो. रात्री समोरून गाडी आली की तो अप्पर खाली करतो, समोरच्याने केला नसला तरी. दिपलेला माणूस काही सेकंद जवळजवळ आंधळा असतो, आणि तो आंधळा याच्याच दिशेने येत असतो. रुग्णवाहिकेला वाट न दिल्यास दहा हजार रुपये दंडाची तरतूद २०१९ पासून कायद्यात आहे. पण वरच्या दोन्ही गोष्टी करायला लावील असा पोलीस कोणत्याच नाक्यावर उभा नसतो.

आता पढतमूर्ख. याला नियम पाठ असतात. वेगमर्यादा १०० ची, मी १०० नेच चाललोय, मग उजवी लेन सोडू कशाला, मागचा तडफडला तर तडफडू दे, असं म्हणून तो सगळ्यात उजवीकडे ठाण मांडून बसतो. उजवी लेन ओव्हरटेकसाठी असते हेही त्याला ठाऊक असतं, पण आत्ता त्याला शिक्षक व्हायचं असतं. दुसरा पढतमूर्ख वाट देतो आणि समोरच्याने हात वर केला नाही की पुढचे दोन किलोमीटर धुमसत राहतो. या दोघांचेही हात तयार असतात, नजर चांगली असते, नियम तोंडपाठ असतात. बिघाड हेतूत असतो. गाडी चालवताना त्यांना कुठेतरी पोचायचं नसतं, कोणावर तरी मात करायची असते. मूर्ख मात्र मागच्याला डावीकडे सरकून जाऊ देतो, मग तो कितीही चुकीच्या वेगाने येत असो. त्याला सुधारणं हे आपलं काम नाही आणि त्याच्या वाटेत उभं राहणं हे तर नाहीच, असं तो मानतो.

परवाना देताना आरटीओच्या ट्रॅकवर आठचा आकडा काढून घेतात, गाडी मागे घ्यायला लावतात. हे आलंच पाहिजे, पण ही फक्त हातापायांची परीक्षा झाली. खरी परीक्षा रोज घरी पोचल्यावर स्वतःच घ्यायची असते आणि तिच्यात प्रश्न एकच : आज आपल्यामुळे किती जणांना ब्रेक मारावा लागला, किती जणांना गाडी दचकून बाजूला घ्यावी लागली? उत्तर ‘एकालाही नाही’ असं येत असेल, तर तुम्हाला गाडी चालवता येते. रस्ता तुम्हाला मूर्ख म्हणेल. म्हणू द्या, आणि उद्याही तशीच चालवा.