अथॉरिटीराव

अथॉरिटीराव भेटले की 'कसं काय' विचारायच्या आधी तुमच्या वेबसाइटचा डीए विचारतात. डीए म्हणजे डोमेन अथॉरिटी. सिअ‍ॅटलच्या मॉझ कंपनीने काढलेला, एक ते शंभरमधला आकडा. कोणकोणत्या साइट तुम्हाला लिंक देतात हे पाहून गूगलवर तुम्ही कितपत वर याल याचा तो अंदाज. मॉझ अंदाज म्हणते. रावांच्या लेखी ती जन्मपत्रिका आहे.

रावांच्या ब्राउझरला कुठलंही पान उघडलं की डोक्यावर त्याचा डीए दिसायची सोय आहे. त्यामुळे बातमी धरण फुटल्याची असली तरी राव आधी वर बघतात आणि म्हणतात, "काय डीए आहे हो यांचा!" चुलत बहिणीला फोटोग्राफरचं स्थळ सांगून आलं होतं. मुलगा देखणा, घर स्वतःचं, पण साइटचा डीए चार. घरात पहिलं नाक रावांनी मुरडलं.

आमच्या लोणचेवाल्या काकू त्यांच्या तावडीत सापडल्या तेव्हाची गोष्ट.

"काकू, तुमचा डीए नऊ आहे."

"शंभरात? म्हणजे पस्तीसला पास?"

"तसं नसतं काकू. हा लॉगरिदमिक असतो. विसाचे तीस पटकन होतात, सत्तरचे ऐंशी करताना घाम फुटतो."

हे अगदी खरं आहे. राव अडाणी नाहीत, हीच अडचण आहे. शेजारच्या लोणचेवाल्याशी ताडून बघायला हा आकडा बरा, असं मॉझच सांगते. पण राव ताडत नाहीत, वाढवतात. कॉलेजच्या साइटवरून लिंक मिळाली की वजन वाढतं, म्हणून त्यांनी काकूंना शिष्यवृत्ती जाहीर करायला सांगितलं. दोन हजार रुपयांची, 'भारतीय लोणचे आणि युवा नेतृत्व' या विषयावरच्या निबंधासाठी. काकूंनी नकार दिल्यावर रावांनी पैसे मोजून लिंका आणल्या. आता कुठल्याशा परदेशी ऑनलाइन जुगाराच्या पानावर, तीन पत्त्यांच्या खाली, कैरीच्या लोणच्याची लिंक झळकते. गूगलला असल्या विकतच्या लिंका चालत नाहीत. 2012 च्या पेंग्विन अपडेटपासून त्यापायी भल्याभल्यांची दुकानं बसली. रावांचं यावरचं उत्तर एकच : "आपण नॅचरल दिसेल असं करतो."

गूगलची माणसं वर्षानुवर्षं जाहीरपणे सांगतात, की क्रम लावताना आम्ही डीए बघत नाही. राव मंद हसतात. "ते असंच सांगणार." 2024 च्या मे महिन्यात गूगलची आतली तांत्रिक कागदपत्रं बाहेर आली आणि त्यांत 'साइट अथॉरिटी' नावाचा एक रकाना सापडला, तेव्हा रावांनी पेढे वाटले. तो रकाना मॉझचा नाही, आणि क्रम लावताना त्याला किती वजन मिळतं हेही त्या कागदांत नाही, हे त्यांना सांगायला हवं होतं. पण पेढे चांगले होते.

रावांना दुःखंही आहेत. गूगलचा स्वतःचा, शून्य ते दहामधला पेजरँक टूलबारवर दिसायचा, तो 2016 मध्ये गेला. 2019 च्या मार्चमध्ये मॉझने हिशेबाची पद्धत बदलली आणि रावांच्या कितीतरी साइटचे आकडे एका फटक्यात खाली आले. त्या आठवड्यात ते क्लायंटचे फोन उचलत नव्हते. तेव्हापासून मॉझबरोबर एचरेफ्सचा डीआर, सेमरशचा स्कोअर आणि मॅजेस्टिकचा ट्रस्ट फ्लोही ते जवळ बाळगतात. चौघांचे आकडे कधी जुळत नाहीत. महिनाअखेरच्या रिपोर्टात त्यातला सर्वांत मोठा ठळक अक्षरांत असतो.

परवा राव काकूंकडे आले ते प्रिंटआउट घेऊनच. "अभिनंदन काकू! नऊवरून चौदा!"

काकूंनी चष्मा चढवून आलेख पाहिला. रेघ वर चढत होती खरी. "छान. ऑर्डरी?"

"त्या येतील. आधी अथॉरिटी बिल्ड होऊ दे."

"बरं. पण गूगल माझं दुकान सकाळपासून बंद दाखवतंय. नंबरही जुना आहे, फोन कुण्या टेलरकडे जातात. तो बिचारा वैतागलाय. तेवढं नीट करता?"

राव क्षणभर थांबले. मग सॅकची चेन उघडून त्यांनी दुसरं पत्रक काढलं.

"ते लोकल एसईओमध्ये येतं, काकू. त्याचं पॅकेज वेगळं."